इशिदासाहेबांसाठी सोपं गाणं

सोपं जपानी गाणं शोधायला बसलेल्या नागेश कोकरेला पाच मिनिटांत कळून चुकलं, की जपानात सगळीच गाणी सोपी आहेत. निदान मोबाईल तरी तसंच सांगत होता. एक सोपं, कारण ते लहान मुलांचं. दुसरं सोपं, कारण त्यात शब्द थोडे. पण ते इतके सुसाट, की नागेश पहिल्यावर असतानाच गाणं संपायचं. तिसरं म्हणे मनापासून म्हटलं की झालं. नागेशच्या मनात जपानी भाषेतलं काहीच नव्हतं, त्यामुळे तिथंही अडचण होती.

नागेश बारामतीच्या एमआयडीसीत एका जपानी कारखान्यात मशिनवर होता. जपानात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी एकच जागा होती आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघं बसले होते, तो आणि संदेश. निवड कारखान्याचे प्रमुख इशिदासाहेब करणार होते. शनिवारी जपानहून दोन बडे पाहुणे यायचे होते. जेवण, सत्कार आणि मग कराओके, म्हणजे मशिनच्या संगीतावर गाणं, असा बेत ठरला होता.

"जपानीच म्हणा हं," ऑफिसातल्या योगिनी मॅडम म्हणाल्या होत्या.

"मॅडम, मराठी न्हाय का चालणार?"

"चालेल की. पण संदेश जपानी म्हणतोय."

झालं! तेव्हापासून कळस गावातल्या घरी मोबाईल अखंड जपानी गात होता. चौथ्या दिवशी ओसरीवर आडवे झालेले आप्पा ताडकन उठून बसले. गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पुढं उभं राहून गाणारा माणूस तो, आणि नागेशला वडिलांपेक्षा त्यांच्या कानाचाच धाक जास्त वाटे.

"थांब, थांब. पुन्यांदा लाव ते. आरं, ह्यो तर भूप हाय!"

"जपानी हाय, आप्पा."

"आसंल. हितनंच नेला आसंल कुनीतरी. पाच सूर, संथ चाल, वर जायाचं न्हाय, खाली घसरायचं न्हाय. हेच म्हन."

"पर अर्थ ठावं न्हाय ह्याचा."

"अर्थ काय करायचाय? तुझी आय रोज आरती म्हनती, तिला इचार अर्थ."

"मला कळतो!" आतून भागूबाई कडाडल्या. "तुमालाच कळत न्हाय, म्हून एवढ्या जोरात म्हनता."

आप्पांनी तिकडं सोयीस्कर दुर्लक्ष केलं. चार दिवस त्यांनी टाळ घेऊन पोराकडून गाणं घोटून घेतलं आणि निघताना कानमंत्र दिला. "एकदा चाल लावली की मदी सोडायची न्हाय. आन् लोक उठून उभं ऱ्हायलं, तर समजायचं, रंग भरला."

शनिवारी भिगवण रोडवरच्या हॉलमध्ये जेवणं दीडला उरकली आणि सत्कार सुरू झाले. आपल्याकडं सत्काराला सुरुवात असते, शेवट नसतो. कारखान्यानं केला, कॅन्टीनवाल्यानं केला, गाड्या पुरवणाऱ्यानं केला. साडेतीन वाजले तेव्हा दोन्ही पाहुण्यांच्या डोक्यावर फेटे, खांद्यावर तीन-तीन शाली आणि मांडीवर नारळांची रास होती. ते हसत होते, पण हसू आता दुखायला लागल्यासारखं दिसत होतं. माल पुरवणारे जोतीरामशेठ चौथी शाल उलगडून रांगेत उभे होते.

मधल्या वेळात संदेशनं एक जोरकस गाणं धरलं. गाणं पुढं पळालं, संदेश मागं राहिला, आणि दुसऱ्या कडव्याला तो सरळ खाली बसला. मग नागेशनं माईक घेतला, डोळे मिटले आणि आप्पांना आठवून चाल लावली.

पहिल्या ओळीला त्यानं हळूच एक डोळा उघडला, तर इशिदासाहेब घड्याळ बघत होते. दुसऱ्या ओळीला पाहुणे एकमेकांकडं बघत होते. तिसऱ्या ओळीला त्यांनी नारळ पिशवीत भरले आणि चक्क उठून उभे राहिले!

रंग भरला! नागेशनं तीच ओळ पुन्हा घेतली. पाहुणे उभे राहिलेले पाहून सगळा हॉल उभा राहिला. "जपानचं राष्ट्रगीत दिसतंय," असं म्हणून वॉचमन सोनबानं सॅल्यूट ठोकला. दोघा-तिघांनी हात जोडले. पाहुण्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तसेच दारापर्यंत मागं मागं सरकले आणि फेट्यांसकट गाडीत बसून निघून गेले. मशिनचं संगीत केव्हाच थांबलं होतं. नागेश मात्र गातच होता, कारण चाल मधे सोडायची नव्हती.

"नागेश, काय म्हणालात तुम्ही त्यांना?" योगिनी मॅडमनी धावत येऊन विचारलं.

"मला काय ठाऊक, मॅडम?"

जोतीरामशेठना त्या शालीचं काय करावं समजेना. शेवटी त्यांनी ती स्वतःच पांघरली.

रविवारी नागेशनं मोबाईलला हातसुद्धा लावला नाही. जपान गेलं ते गेलं, नोकरी तरी राहते का, याचाच त्याला घोर लागला. सोमवारी इशिदासाहेबांनी बोलावलं. साहेब इंग्रजीत बोलले आणि ऐकता ऐकता मॅडमचे डोळे मोठे झाले.

"ते म्हणतायत, त्यांच्याकडं दुकान बंद करताना ही चाल वाजवतात. म्हणजे, आता घरी निघा. लहानपणापासून सवय, ऐकली की पाय आपोआप दाराकडं वळतात."

नागेशनं डोळे मिटले.

"पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं होतं. यजमानांच्या आधी उठायचं कसं, म्हणून बिचारे अडकले होते. ते म्हणतात, एवढ्या लोकांत त्यांची अडचण फक्त तुम्हाला कळली, आणि तीही तुम्ही कुणाला न दुखवता सोडवली. अशी समज असलेला माणूसच जपानला पाठवायचा. गुरुवारी साहेब घरी येतील, वडिलांना भेटून त्यांच्या संमतीची सही घ्यायला."

कारखान्यातून बाहेर पडल्यावर नागेशला हसावं की रडावं समजेना. घरी त्यानं एवढंच सांगितलं, की गाण्यामुळं निवड झाली आणि गुरुवारी साहेब सहीसाठी घरी येणार आहेत. आप्पांचा चेहरा असा फुलला, की पुढचं सांगायची त्याची छातीच झाली नाही. तेवढीच चूक झाली.

गुरुवारी दुपारी साहेबांची गाडी दाराशी थांबली. साहेबांचा एक पाय जमिनीवर आला, आणि आडोशाला दबा धरून बसलेलं अख्खं भजनी मंडळ टाळ-मृदंगासकट बाहेर आलं. सर्वांत पुढं फेटा बांधून आप्पा होते. त्यांनी आकाशाकडं बघत चाल लावली. तीच.

साहेबांचा पाय जमिनीवर घोटाळला. त्यांनी घड्याळ पाहिलं, आप्पांकडं पाहिलं, कमरेत वाकले आणि मुकाट्यानं पाय आत घेतला.

"आप्पा, थांबा! दुसरं म्हना! कायबी म्हना!"

"आरं, बघ कसा वाकला! रंग भरला!" म्हणत आप्पांनी सूर चढवला.

गाडी वळली. सहीचा कागद साहेबांच्या बॅगेत होता. नागेश उसाच्या कडेनं "साहेब, साहेब!" करत गाडीमागं धावत सुटला. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीतच असल्यामुळे त्याच्यामागं आप्पा आणि अकरा माणसं टाळ वाजवत निघाली. ती जसजशी जवळ येत, तसतशी गाडी जोरात पळे. आणि चाल लावली की मधे सोडायची नाही, हा तर आप्पांचा नियमच होता.