समईवरील अंगठ्याची हकिकत

श्री. दिव्याच्या ज्योतीस आधी नमन, मग लिहिणे ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्षी तांब्यापितळेच्या राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे धनी बापू दुखण्याने आषाढात कैलासवासी जाहले, आणि लेक हेमांगीबाई गादीवर, म्हणजे दुकानातील बापूंच्याच स्टुलावर, बसल्या. बापूंची बहीण कुसुमआत्या प्रधानकी करीत. त्यांनी खुंटीवरचे कुलूप दाखवून बजाविले, "बये, नवरात्राच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर हे दाराला लागेल हो."

बापू गिऱ्हाइकांस मोबाइलवर फोटो पाठवीत, जिन्नस डाव्या हाती धरीत, आणि दर फोटोत त्यांचा अंगठा येई, आखूड, रुंद, पितळ घासून काळा. बाईंनी व्हिडिओ पाहून फोटोची विद्या संपादिली आणि अंगठ्याचे फोटो पाठविणे बंद केले, परंतु जुने फोटो मोबाइलमधून पुसावयास हात धजला नाही. मग खिडकीशी पांढऱ्या चादरीचा तंबू ठोकिला आणि उजेड वळवावयास आत्याबाईंस थर्माकोल देऊन उभे केले, तो पहिल्याच फोटोत तांब्याच्या पोटी खुद्द बाईंचे, गाऊनसकट, दर्शन जाहले. मग चादरीस भोक पाडून त्यातून नेम धरिला. "अगं, माझ्या रुखवतातली चादर!" ऐसा आकांत आत्याबाईंनी मांडिला, परंतु समई ऐसी उमटली की जणू देवळाचा कळस.

ती पाहून साताऱ्याकडील एका देवळाच्या पुजारीबुवांनी मागविली, आणि पोहोचताच फोन केला. "ताई, ही देवापुढं लावायची का देवाच्या खिशात ठेवायची? फोटोत माणसाएवढी दिसत होती!"

"खाली माप लिहिलं होतं, काका."

"माप कोण वाचतंय? बापू हातात धरून दाखवायचे, बघितलं की कळायचं."

वीतभर समई परत आली. बाईंनी बापूंचे जुने फोटो एकेक पाहिले. निरांजनापुढे अंगठा डोंगराएवढा, घंगाळाच्या काठी टिकलीएवढा. मग उठल्या, आणि समई डाव्या हाती धरून फोटो काढिला. आत्याबाईंनी पाहिला, थर्माकोल खाली ठेविला, आणि म्हणाल्या, "नख तरी घासायचंस."

फोटो सर्वत्र रवाना जाहला. कऱ्हाडच्या जुन्या गिऱ्हाईक इंदुमतीकाकूंचा निरोप आला, "अंगठा बघून जीव भांड्यात पडला. बापू दुकानात यायला लागले म्हणायचे! अशा चार पाठवा."

बाईंनी मोबाइल उपडा ठेविला, समई पुसली, आणि मग उत्तर लिहिले, "काकू, बापू आषाढात गेले. अंगठा माझा आहे. समया उद्या निघतील."

काही वेळाने निरोप आला, "असं होय. मग पोरी, पाच पाठव."

पाठोपाठ इतर गावांहूनही मागण्या आल्या. सारांश, कुलूप खुंटीवरच राहिले, भोकाची चादर आत्याबाईंनी रफू केली, आणि अंगठा साबणाने किती घासिला तरी काळाच राहू लागला. बाईंनी घासणे सोडिले. इतके वर्तमान.