तात्यांची चिमटी

तात्या भेटले की नमस्काराच्या आधी चिमटा काढत. मनगटाच्या जरा वर, कातडी दोन बोटांत धरून, डोळे मिटून. "कातडी मध्यम हाय." दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला गाठून विचारत, "दाखव, निळं पडलं का?" पडलेलं नसे. त्यावर तात्या खूश होत की नाराज, ते मला कळत नसे.

बारामतीत केबल टीव्ही नुकता आला होता, तेव्हाची गोष्ट. मी कातडीच्या एका दवाखान्यात आकडे लिहून घेई. डॉक्टरबाईंनी संशोधनासाठी यंत्र आणलं होतं, सोनोग्राफीचंच धाकटं भावंड. हातावर थंडगार जेल लावून पेनासारखा तुकडा टेकवला की पडद्यावर कातडीचा आडवा पट्टा दिसे आणि तिची जाडी कळे. सुई नाही, कापणं नाही. मला काम आवडे, कारण फारसं बोलावं लागत नसे.

तात्या पणदऱ्याचे. मेंढरं विकून ऊस लावला, पण बोटं मेंढरांची कातडी चाचपणारीच राहिली. यंत्राची बातमी लागताच हजर. "ह्याला लाईट लागती. मला न्हाय लागत." मग पेशंटला आधी त्यांचा चिमटा, नंतर यंत्र. बहुतेकदा तात्यांचा अंदाज बरोबर येई. खुर्चीवर मात्र कधी बसले नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझे आकडे ओळ सोडून जात.

"पोरी, हात दे."

मी ओढणीखाली हात लपवून "पेशंट आहेत," म्हणे. बाहेर बाक रिकामं असे.

पुढे ते गावातून माणसं आणू लागले. सगळ्या साठीच्या बायका. तिसरी पारूआक्का. ती जेल पुसता पुसता फणकारली, "माझं काय बघताय? ह्याच्या बायकूचं बघा! हातभर निळं डाग हायती. गाव म्हणतंय, तात्या हात उगारतो."

तात्या पहिल्यांदाच एका जागी थांबले.

"मी मारत न्हाय," ते आमच्याकडे न बघता यंत्राला म्हणाले. "दम्यानं उठवत न्हाय तिला, म्हणून धरून उठवतो. धरलं की उमटतं. माजी बोटंच वाईट झाली का काय, तेच बघत फिरतोय."

बाजारच्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. जिन्यावर तात्या चार पायऱ्या पुढे, हात पाठीशी बांधलेले.

"कठडा धर, कठडा!"

"धरलाय की! बोंबलताय कशाला?"

पडद्यावरचा पट्टा इतका बारीक आला की मी आकडा दोनदा वाचला. डॉक्टरबाईंनी औषधांचं विचारलं. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून गोळ्या काढल्या. दम लागला की दुकानातून आणायच्या, कित्येक वर्षं.

"या गोळ्यांनी कातडी पातळ होते. नुसतं धरलं तरी आत रक्त साकळतं," बाई म्हणाल्या. "एकदम बंद करू नका, मी हळूहळू कमी करून देते. आणि तात्या, तुमच्या बोटांचा काही दोष नाही. फक्त आवळायचं नाही. तळवा पसरून आधार द्यायचा."

"मंग ह्यास्नी नीट सांगा," म्हातारी म्हणाली. "दोन म्हैनं झालं, हात लावीना झालंत. मी खाटंवरनं एकलीच उठती."

तात्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी बाही वर केली.

"तात्या, माझा चिमटा राहिलाय."

त्यांनी वळून माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कशाला, पोरी."

जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी तळवा उताणा केला, मेंढराला मीठ चारायला करतात तसा. खाली पणदऱ्याची जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. म्हातारी सावकाश आपली चप्पल शोधत होती.

तात्या तळवा पसरून उभे होते. जागचे हलले नाहीत.