हिरवा दिवा लागेपर्यंत दाराला हात लावू नये

“घरात जे सुख आहे ते सगळं या गाडीत आहे, आणि घरात जे नाही तेही आहे!” लिफ्टभाऊंनी मोटरहोमच्या बॉनेटवर अभिमानाने थाप मारली. बॉनेट आत गेलं आणि जरा विचार करून पुन्हा बाहेर आलं.

समोर श्रोते दोनच होते. एक त्यांची बायको, जिला आपण वहिनी म्हणू, आणि दुसरी वहिनींची थोरली बहीण, आक्का. आक्का बॉनेटकडे बघत म्हणाल्या, “जावईबापू, चाकांवरचं बिऱ्हाड छान आहे हो. पण रात्री झोपेत ते निघून तर जाणार नाही ना?”

लिफ्टभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. कुठेही कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन यांच्या खिशात वाजायचा. मग ते लिफ्टच्या दाराच्या गुळगुळीत पत्र्यासारख्या आवाजात म्हणायचे, “घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. दाराला हात लावू नका. माणूस निघालाय!” निघालेला माणूस म्हणजे ते स्वतःच असत. आणि खरं सांगायचं तर तो निघालेला नसे, हातातला चहा संपवत असे. हे वाक्य वहिनींना इतकं पाठ होतं की झोपेत विचारलं तरी त्यांनी चालीसकट म्हणून दाखवलं असतं.

त्या फोनने वहिनींचा संसार कायम अर्धवट ठेवला होता. सिनेमा मध्यंतरापर्यंत आणि वाढदिवस केक कापेपर्यंत! एकदा दोघं हौसेने शहराबाहेरच्या तळ्यावर गेली होती. सूर्य पाण्याला टेकायला आला होता, वहिनींनी थर्मासमधून चहा ओतला होता, आणि खिशात फोन वाजला. ज्या बसने आली त्याच बसने परत! सूर्य पुढे बुडाला की नाही हे वहिनींना आजतागायत कळलं नव्हतं.

म्हणून निवृत्तीनंतर लिफ्टभाऊंनी जुनं मोटरहोम घरासमोर आणून उभं केलं, तेव्हा वहिनींनी एकच अट घातली.

“त्या तळ्यावरचा सूर्यास्त मला पूर्ण बघायचाय. खुर्चीत बसून. चहा पीत. मध्येच कुणी अडकलं न् तुम्ही उठलात असं झालं, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायची. आक्का साक्षीला असेल.”

“अगं, आता कोण अडकणार?” लिफ्टभाऊ हसले.

आणि कामाला लागले! नुसतं गाडी घेऊन भागत नाही, ती सुखाची करावी लागते. वहिनींच्या पाठीसाठी त्यांनी जाडजूड गादी टाकली. डासांसाठी प्रत्येक खिडकीला, अगदी ड्रायव्हरच्या काचेलासुद्धा, स्टीलची जाळी ठोकली, तीही रिव्हेट मारून. धूळ येऊ नये म्हणून दारांना रबर लावलं. छतावर सोलर पॅनेल, बाजूला छत्रीसारखं उघडणारं कापडी छत, ताटल्या घसरू नयेत म्हणून फळ्यांवर चटया. आक्का म्हणाल्या, “गाडीत कुणी अंघोळ करतं का? मी नाही करणार!” तर लिफ्टभाऊंनी खास त्यांच्यासाठी डाव्या बाजूला पाण्याची भलीमोठी जादा टाकी बसवली. वापरलेलं पाणी उजव्या बाजूच्या टाकीत जाणार. सगळं कसं बेतशीर!

इथवर कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण लिफ्टभाऊंच्या हाडात लिफ्ट होती. लिफ्ट मजल्याला बरोबर लागल्याशिवाय तिचं दार उघडत नाही, आणि उघडलेलं दार आपलं आपण मिटतं. मग गाडीचं दार गाडी तिरकी असताना उघडावंच का? उतरताना आक्कांचा पाय मुरगळला तर? तिरक्या गाडीत कप्पा उघडला आणि बश्या अंगावर आल्या तर? त्यांनी जुन्या लिफ्टचा सगळा सरंजाम गाडीत चढवला. भिंतीवर पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची काचनळी, बसवली; बुडबुडा बरोबर मध्यावर, म्हणजे गाडी सपाट असली तरच हिरवा दिवा लागणार, ‘टिंग’ वाजणार आणि कुलपं सुटणार. बाजूचं दार, पुढची दोन्ही दारं, कपाटं, कप्पे, फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं एका तारेत! दाराच्या आतल्या बाजूला पाटीही लावली: ‘हिरवा दिवा लागेपर्यंत दाराला हात लावू नये.’

“आणि बॅटरी बंद पडली तर?” वहिनींनी विचारलं.

“तर कुलपं बंदच राहतात. हीच तर खुबी आहे!”

तळ्याकाठी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. रखवालदार पाइपने हिरवळीला पाणी घालत होता. “अगदी पाण्याजवळ लावा साहेब! दिवसभर शिंपलंय, बघा गवत कसं टवटवीत झालंय!”

लिफ्टभाऊंनी गाडी मागे-पुढे करत जागेवर आणली. टिंग! हिरवा दिवा लागला. वहिनींचा चेहरासुद्धा उजळला. समोर तळं, तळ्यावर सूर्य, आणि अजून भरपूर उजेड. लिफ्टभाऊंनी खाली उतरून रखवालदाराच्याच पाइपने जादा टाकी काठोकाठ भरून घेतली.

“आक्कांच्या अंघोळीत काही कमी पडायला नको!” असं म्हणत ते आत आले. त्यांच्यामागे दार आपोआप मिटलं.

“मी अंघोळ करणार नाही म्हटलंय ना! मी नुसती जाऊन येते,” असं म्हणून आक्का मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये गेल्या. वहिनी चहाने भरलेला थर्मास आणि कप काढायला कपाटाकडे वळल्या.

दिवसभर शिंपलेल्या त्या टवटवीत गवताने एवढं पाणी, एवढी गादी आणि एवढी आक्का एका बाजूला पेलायचं नाकारलं. मागचं डावं चाक हळूच, आवाज न करता, चिखलात टेकलं. फार नाही, दोन बोटं.

खट्ट!

हिरवा दिवा गेला. खट्ट, खट्ट, खट्ट करत कपाटं, कप्पे, फ्रिज आणि सगळी दारं एकामागून एक बंद झाली.

“जावईबापू!” बाथरूममधून आवाज आला. “हे दार उघडेना!”

“घाबरू नका आक्का!” लिफ्टभाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. “तुम्ही सुरक्षित आहात. दाराला हात लावू नका. माणूस—”

“पुढे म्हणाल तर बघा!” वहिनी म्हणाल्या.

लिफ्टभाऊ डगमगले नाहीत. त्यांनी खिशातून पितळेची तिकोनी चावी काढून रुबाबात धरली. “ही बघ! प्रत्येक लिफ्टला असते. कसलंही दार असो, फिरवली की उघडलंच!”

वहिनींनी चावी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “आणि भोक कुठंय?”

“बाहेरच्या बाजूला.”

“अहो, आपण आत आहोत!”

“नियमच आहे तो,” लिफ्टभाऊ जरा खालच्या आवाजात म्हणाले. “सुटका करणारा माणूस नेहमी बाहेर असतो.”

वहिनींनी चावी पर्समध्ये टाकली. रखवालदाराला चावी द्यावी तर जाळीतून डास जात नव्हता, चावी कुठून जाणार? दाराखालून सरकवावी तर तिथे रबर. गाडी पुढे काढावी तर चाक चिखलात आणखी रुतणार. जाळी कापावी तर सुरी कप्प्यात, आणि कप्पा खट्ट!

“तुमच्या ऑफिसला फोन करा,” वहिनी म्हणाल्या.

“वेड लागलंय का तुला? लिफ्टभाऊ अडकले हे ऑफिसात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरेल का?”

“जागा आहे की! इथेच. कायमची!”

तोवर रखवालदार मदतीला धावला होता. त्याने चाकाखाली लाकडी फळी सारायचा प्रयत्न केला, त्या खटपटीत पाइप तसाच चालू राहिला आणि चाक आणखी एक बोट खाली गेलं. “साहेब, जमीन फार मऊ झालीय!” तो जाळीतून कौतुकाने म्हणाला.

“आधी पाणी बंद करा हो!” लिफ्टभाऊ ओरडले.

सूर्य आता काठावरच्या झाडांच्या शेंड्यांइतका खाली आला होता. वहिनी जाळीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. जाळीतून सूर्याचे बारीक बारीक चौकोन दिसत होते. त्या आता काही बोलत नव्हत्या. लिफ्टभाऊंना बोलणाऱ्या वहिनींची सवय होती, गप्प वहिनींची भीती वाटायची. बसच्या खिडकीत त्या अशाच बसल्या होत्या, मांडीवर थर्मास घेऊन, हे त्यांना एकदम आठवलं. गाडी गेली तर गेली, पण हिचा सूर्य पुन्हा माझ्यामुळेच बुडणार!

त्यांनी डोकं धरलं. डावीकडे भार जास्त आहे. टाकीत पाणी आहे. पाणी डावीकडून उजवीकडे गेलं तर? स्वच्छ टाकीतून वापरलेल्याच्या टाकीत? त्याला वाट एकच. नळ आणि मोरी. आणि गाडीतल्या सगळ्यात मोठ्या नळाखाली या क्षणी उभ्या होत्या—

“आक्का!” लिफ्टभाऊ दाराशी गेले. “आक्का, शॉवर सोडा!”

“काय?”

“शॉवर! पूर्ण! गाडी सरळ करायचीय!”

“मी सांगितलं होतं, मी या गाडीत अंघोळ करणार नाही!”

“अंघोळ नका करू, नुसतं पाणी सोडा!”

“एवढीशी जागा ही! पाणी सोडलं तर अंघोळच होणार की!”

वहिनी उठल्या, दाराला तोंड लावून एवढंच म्हणाल्या, “आक्का, माझ्यासाठी.”

आत नळ करकरला. मग धो धो आवाज सुरू झाला. त्यात आक्कांचा “अगं आई गं, गार आहे!” असा आवाज मिसळला. पाणी मोरीतून खळखळत उजवीकडे निघालं. लिफ्टभाऊ पाणसळीच्या बुडबुड्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. बुडबुडा हलला. मग थबकला. मग पुन्हा हलला.

“आक्का, थांबू नका!”

“थांबतेय कुठे? केस धुतेय! भिजलेच आहे तर निदान नीट तरी भिजू दे!”

सूर्य शेंड्यांच्याही खाली उतरला. बुडबुडा मध्यावर आला. टिंग!

हिरवा दिवा! कपाटं सुटली, कप्पे सुटले, बाथरूमचं दार उघडलं आणि आतून आक्का डोक्याला टॉवेल बांधून, निथळत, पण बऱ्यापैकी ताज्यातवान्या बाहेर पडल्या. वहिनींनी एक क्षण फुकट घालवला नाही. थर्मास, कप, आक्का आणि पर्स घेऊन त्या दारातून बाहेर गेल्या. रखवालदाराने खुर्च्या मांडल्या.

लिफ्टभाऊंना मात्र घाई नव्हती. ते हिरव्या दिव्यासमोर उभे राहिले. ऊर भरून आला होता. “पाहिलंत?” ते मोठ्याने म्हणाले. “यंत्रणेने शंभर टक्के काम केलं! सपाट नसताना उघडली नाही, आणि सपाट होताच उघडली!”

दार त्यांच्या समोर आपोआप मिटलं. आणि आता उजवीकडच्या टाकीत आक्कांची सगळी अंघोळ होती, तर डावीकडे खुद्द आक्का नव्हत्या. गाडीने हलकेच उजवीकडे मान टाकली.

खट्ट!

लिफ्टभाऊंनी दिव्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मग जाळीला नाक लावलं. बाहेर तळ्यावर सूर्य बरोबर पाण्याला टेकला होता. सगळं पाणी तांबूस झालं होतं. त्यासमोर दोन बहिणी पाय पसरून बसल्या होत्या आणि थर्मासमधून वाफ निघत होती.

“अगं!” लिफ्टभाऊंनी हाक मारली. “अगं, चावी तुझ्या पर्समध्ये आहे!”

वहिनींनी पर्स उघडली. तिकोनी चावी काढली, उन्हात धरली, छान चमकली ती. मग त्यांनी ती कपाशेजारी ठेवली आणि जाळीकडे न वळता दाराच्या गुळगुळीत पत्र्यासारख्या आवाजात म्हणाल्या,

“घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. दाराला हात लावू नका. माणूस निघालाय.”

आणि त्यांनी आपल्यासाठी दुसरा कप चहा ओतून घेतला.