सात वाट्या गरम पाणी

अगं, तू मध्ये काही बोलू नकोस, नुसतं ऐक! हसायचं असेल तर शेवटी हस. लानरुई अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही!

तर लानरुई चोंगछिंगची. आणि नोकरी कुठं, तर पार वर उत्तरेला, शनयांगला. ऑफिस कसलं, तर पाकिटातल्या नूडल्सच्या कंपनीचं. काम काय, तर चव चाखायचं! पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या ग्वाननं सहज विचारलं, "तुमच्याकडे खरंच एवढं तिखट खातात का?" आता यावर 'हो' म्हणून गप्प बसावं की नाही माणसानं? नाही! ही म्हणाली, "अरे, आमच्याकडे बाळाला बाळगुटीतच मिरची उगाळून देतात!"

झालं! त्या दिवसापासून ती ऑफिसची तिखटातली शंकराचार्य झाली. कुणाच्या डब्यात लाल काही दिसलं की, "लानरुईला विचारा!"

आणि खरं काय होतं माहितीये? हिला तिखट अजिबात चालत नाही! अजिबात म्हणजे मिरचीचं चित्र बघितलं तरी उचकी! लहानपणी हिची आजी जेवताना ताटाशेजारी गरम पाण्याची वाटी ठेवायची. घास त्या पाण्यात बुचकळायचा, तिखट धुवायचं आणि मग भरवायचा. तिकडे सगळ्याच लहान पोरांना असं भरवतात. तीन-चार वर्षांचं झालं की पोराची वाटी सुटते. लानरुईची वाटी सुटली ती कॉलेजला जाणाऱ्या गाडीत बसली तेव्हा!

पण दोन वर्षं खपून गेलं ना! नमुना समोर आला की ही वाडगा उचलायची, डोळे मिटून वास घ्यायची, जेवायच्या काडीचं टोक ओठाला लावल्यासारखं करायची आणि म्हणायची, "हे तिखट? हा तर दूधभात!" की लिहिलं 'सौम्य'. वसंतात बाजारात आलेलं ते 'घरातल्या सगळ्यांसाठी सौम्य' पाकीट आठवतंय? त्यावर हिचीच सही! ग्वाननं ते कौतुकानं सासूला करून घातलं, तर सासू ढसाढसा रडली. त्याला वाटलं, जावयाचं प्रेम बघून भरून आलं बाईंना!

तर अशातच त्यांचे छू साहेब म्हणाले, "कंपनी आता खास चोंगछिंग चवीचे नूडल्स काढणार. त्याला एक प्रमुख पाहिजे. खाली तो नवा मालाथांगवाला उघडलाय ना, शुक्रवारी दुपारी सगळे तिथंच जेवू. जेवता जेवता नाव सांगून टाकतो." आणि असं म्हणताना लानरुईकडे बघून हसले! हिनं त्याच संध्याकाळी घरी फोन करून टाकला. "आई, मी प्रमुख झालेच समज!" आईनं अर्ध्या चोंगछिंगला सांगितलं.

आता दुकानात सगळ्यांसमोर खावं लागणार. पण पोरगी हुशार! गुरुवारी गुपचूप खाली गेली आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, "मावशी, उद्या मी मोठ्यानं 'जहाल' म्हणेन आणि डोळा मारेन. तुम्ही मिरचीचं एक बीसुद्धा टाकू नका."

"मग लाल कसं दिसेल गं?"

"टोमॅटो घाला!"

"मुलगा बघायला येतोय का?"

"त्याहून मोठं काम आहे, मावशी!"

बाई म्हणाल्या, सोड माझ्यावर. झालं, फत्ते!

शुक्रवारी सात जण उतरले. प्रत्येकाच्या हातात एक पाटी, एक चिमटा. तिथं फळ्यांवर सगळं कच्चं मांडलेलं असतं. पाहिजे ते उचला, वजन करून आत द्या, ते तिखट सूपात उकडून देतात, हेच मालाथांग. ग्वाननं माशाच्या गोळ्यांचा असा डोंगर रचला की चिमटा काढला असता तर दरडच कोसळली असती. ऑफिसातल्या जिन मावशी पालेभाजीचं एकेक पान झटकत होत्या. "पाण्याचं वजन मी का भरू?" आणि लानरुई? तिचं प्रवचन चालू! "ही टोफूची साय घ्या, रस्सा कसा पिते बघा! वजडी घ्या! कमळकाकडी घेतली नाहीत तर मालाथांग खाल्लं म्हणूच नका!" साहेब मागून वहीत टिपून घेतायत!

काउंटरपाशी पोचली, तर कालच्या मावशी गायब! त्यांची नेमकी आजच दाढ काढायची होती. तिथं मालक उभे. शियांग काका. हातभर लांब डाव घेऊन.

"तिखट किती?"

आता मागे सहा जण कान टवकारून उभे. हिनं ठरल्याप्रमाणे "जहाल!" म्हटलं आणि डोळा मारला.

"पोरी, डोळ्यात काही गेलं का?"

हिनं पुन्हा मारला. मग दुसरा मारला. काकांनी पुसायला कागद दिला!

ग्वानला कुठला दम निघतोय! "काका, ती चोंगछिंगची आहे! जहाल म्हणजे तिला पाणी!"

काकांच्या हातातला डावच गळून पडला. "चोंगछिंग? कुठं गं?"

"नानआन," ही पुटपुटली.

"नानआन! अगं, मी नानआनचा!" काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी. "चौदा वर्षं झाली मला इकडं येऊन. चौदा वर्षं या लोकांना सूपात साखर आणि तिळाची पेस्ट कालवून देतोय! रोज पाप करतोय! थांब तू. तुला ते फळ्यावरचं जहाल नाही घालणार."

हिचा जीव भांड्यात पडला. तोच काकांनी काउंटरखालून बरणी काढली! आत तेल असं काळपट लाल, की बघूनच हिला पहिली उचकी लागली.

"माझ्या आईनं पाठवलंय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, अजून खलबत्त्यात कुटते. मिरची घरची, तिरफळं घरची. गिऱ्हाइकाला मी हे दाखवतसुद्धा नाही."

"नको काका, आईंच्या हातचं आहे, तुम्हालाच राहू द्या."

"लाजते बघा कशी!" एक डाव.

"खरंच नको हो!"

"आपल्या माणसाला कसला संकोच?" दुसरा डाव.

"काका, पाया पडते!"

"वळण आहे हो पोरीला!" तिसरा डाव.

मग हिनं तोंडच मिटलं, नाहीतर बरणी रिकामी झाली असती!

वाडगा आला. वर बोटभर लाल थर, खाली काय आहे दिसेना. सहा जण स्वतःचं खायचं सोडून हिच्याकडे बघतायत. हिनं देवाचं नाव घेतलं आणि टोफूची साय तोंडात टाकली. टोफूची साय, अगं! रस्सा पिऊन बसलेली! आधी कान वाजले. मग जिभेवर मुंग्यांचं वारूळ फुटलं. मग ओठ गेले. जागेवर आहेत की नाहीत हे हात लावून बघावं लागलं तिला!

"कसंय?" साहेबांनी विचारलं.

"बरं... उचक्... आहे. जरा... गरम पाणी मिळेल का? वाटीत?"

वाटी आली. हात आपोआप चालला, गं! अठरा वर्षांची सवय ती! वजडी उचलली, पाण्यात बुचकळली, हलवली, निथळली, खाल्ली. हायसं वाटून डोळे उघडले, तर समोर सहा चेहरे आ वासून.

"हे काय केलंस?" जिन मावशींनी विचारलं.

इथं खरं बोलून मोकळी झाली असती तर एवढ्यावर निभावलं असतं. पण नाही! म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? आमच्याकडचे खरे जाणकार असंच खातात. तिखटाचा वरचा पडदा धुतला, की आतली खरी चव उघडते."

"वरचा पडदा!" साहेबांनी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि हात वर केला. "सगळ्यांना गरम पाणी!"

म्हणजे एकूण सात वाट्या! सात जण बुचकळतायत, निथळतायत, खातायत. ग्वान कुजबुजला, "मला तर नुसतं ओलं लागतंय." जिन मावशी म्हणाल्या, "गप रे, तुझी जीभ जाड आहे." साहेबांनी तर डोळे मिटले. "अहाहा! उघडली! चव उघडली!" आणि उभेच राहिले. "पाकिटासोबत आपण पाण्याची वाटीही देणार. वर छापायचं, 'चोंगछिंगच्या जाणकारांसारखं खा!' आणि या कामाची प्रमुख..." वहीनं लानरुईकडे दाखवलं. टाळ्या! लानरुई लाजून उठतेय, उचकी लागतेय, पुन्हा उठतेय...

तेवढ्यात शियांग काका आतून आले. एका हातात बाळाची उंच खुर्ची, काखेत आणखी दोन लहान स्टुलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टेबलाखालीही वाकून बघितलं.

"बाळं कुठं गेली?"

"कसली बाळं?" साहेब म्हणाले.

"अहो, आतून सात वाट्या पाणी गेलं! मला वाटलं बालवाडीच आली जेवायला!"

साहेबांच्या काड्यांमध्ये वजडी निथळत होती. "ही तर तुमच्याकडच्या जाणकारांची पद्धत ना?"

"जाणकार? साहेब, ही आमच्याकडे दुधाचे दात असणाऱ्यांची पद्धत!"

कुणी हसलं नाही, गं. सातही वाट्या एकदम खाली ठेवल्या गेल्या. लानरुईला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण खरी लाज पुढंच होती. काका वाकले आणि तिच्या वाटीत बघत राहिले. पाण्यावर लाल तेल तरंगत होतं.

"आईचं तेल आहे हे," ते हळूच म्हणाले. "धुवून टाकलंस?"

रागावले असते तर बरं झालं असतं! लानरुईचा बांध फुटला. "काका, मला तिखट खाताच येत नाही! उचक्! कधीच येत नव्हतं! साहेब, मी दोन वर्षं सगळ्यांशी खोटं बोलले. उचक्! आता मेले तरी खोटं बोलणार नाही!"

साहेबांनी वही मिटली. "मग ते वसंतातलं सौम्य पाकीट?"

"चाखलंच नव्हतं."

ग्वान ताडकन उठला. "म्हणजे माझी सासू...! अगं, त्यानंतर मी तिला दर रविवारी करून घालतोय!"

आणि या सगळ्यात काकांचा फोन वाजला. व्हिडिओवर आई! काकांनी भटारखान्यातूनच उत्साहानं कळवलं होतं ना, आपल्या गावची पोर आलीय म्हणून. म्हातारी थेट पडद्याला नाक लावूनच बसलेली, मागे खलबत्ता.

"कुठंय माझी पोर? दाखव की!"

काकांनी फोन लानरुईपुढे धरला.

"खाल्लंस का गं? झोंबलं का? हात चालत नाहीत आता पूर्वीसारखे. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस!"

साहेब बघतायत. ग्वान बघतोय. काका तर श्वास रोखून बघतायत. आणि खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेतलेली, तिला अजून मिनिटही झालं नव्हतं!

लानरुईनं त्या सुरकुतलेल्या तोंडाकडे बघितलं. वाटी हळूच पाठीमागे लपवली. आणि म्हणाली, "आजी, जरा... उचक्... कमीच पडलं हो!"

म्हातारी अशी खुलली! "उचकी लागली बघ! कमी पडलं की लागतेच!"

प्रमुख जिन मावशी झाल्या. त्या बिचाऱ्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, मला तिखट सोसत नाही म्हणून. साहेब म्हणाले, निदान खरं तरी बोलतात! लानरुईला वसंतातली सगळी पाकिटं पुन्हा चाखायला बसवलंय, शेजारी वाटी ठेवून. आणि मागच्या महिन्यात तिच्या टेबलावर पार्सल आलं, नानआनहून. पाच किलोची बरणी! आता दर शुक्रवारी काका फोन घेऊन वर येतात आणि म्हातारी विचारते, "संपत आली का गं? दुसरी भरू?"

नाही, तू हस खुशाल! पण खरं सांग, त्या आजीच्या तोंडाकडे बघून तू काय केलं असतंस?