हिरव्या संघाचा नावाडी

कोरडी बिस्किटं तोंडात कोंबून शिट्टी वाजवायची की होडी वल्हवायची, एवढंच मर्विन ग्लॅसमनला ठरवायचं होतं. त्यानं होडी घेतली, कारण शिट्टीबरोबर कवळीही बाहेर आली असती. (होडीत तो आयुष्यात एकदाच बसला होता, तेही बागेतल्या तळ्यात, आणि वल्ही बायकोच्या हातात होती.)

पेनसिल्व्हेनियातल्या त्या ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरात तो वीस वर्षं ऑफिस सांभाळत होता. शेवटच्या आठवड्यात अख्ख्या शिबिराचे दोन संघ पडत, हिरवा आणि पिवळा, आणि त्यांच्यात एक मोठी शर्यत होई, तिच्यात प्रत्येकाला पाळीपाळीनं एकेक काम. मग जेवताना मीठ मागितलं तरी लोक आधी शर्टाचा रंग बघत. यंदा मर्विन हिरव्यात होता आणि त्याची बायको रोझलिन, शिबिराची नर्स, पिवळ्यात.

दहा वर्षांची टिर्झाही हिरव्यात होती. खोलीतल्या मुलींशी तिचं सूत काही जुळलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसात येऊन ती आईला फोन करायची आणि म्हणायची, "मला घरी ने." मर्विन तेवढा वेळ उगाच कपाट आवरत बसायचा. शर्यतीत तिला काम दिलं होतं शिबिराच्या तळ्याच्या धक्क्यावर टॉवेल घेऊन उभं राहायचं. (मर्विन पाण्यात पडला तर.)

मर्विनची पाळी आली. दहा वल्ही मारली, वीस मारली. पिवळी होडी पार पुढे गेली, पण काठावर सगळे त्याच्याच नावानं ओरडत होते, म्हणून त्याला आणखी चेव चढला.

"काका, थांबा," हिरव्यांची कॅप्टन गिला ओरडली.

"आता थांबून कसं चालेल?"

"अहो, दोरी सोडा आधी."

त्यानं मागे पाहिलं. होडी धक्क्याला बांधलेली होती.

टॉवेल टाकून टिर्झा गुडघ्यांवर बसली, गाठ सोडली आणि लाइफ जॅकेटसकट सरळ होडीत उतरली.

"काका, डावीकडे मारा. ते नाही, दुसरं डावं."

होडीनं जागच्या जागी तीन प्रदक्षिणा घातल्या. टिर्झाला हसू आवरेना. तिच्या खोलीतल्या मुली तिचं नाव घेत काठानं धावू लागल्या, त्यांच्यामागे पिवळेही. दोघं पलीकडे पोचली तेव्हा पिवळ्यांचं कलिंगड खाऊन झालं होतं. मुलींनी टिर्झाला ओढतच नेलं. मर्विनला कुणी हात द्यायचं राहूनच गेलं.

सकाळी टिर्झा फोनला आली नाही. मर्विननं तासभर वाट पाहिली, मग तळहातांचे फोड घेऊन रोझलिनकडे गेला.

"ती गाठ तुमच्यापैकीच कुणीतरी मारली होती," तो म्हणाला.

"मी मारली," मलम लावत रोझलिन म्हणाली.

"जिंकायला एवढं करायचं?"

"जिंकायला कशाला? तुला पोहता येत नाही म्हणून. जिंकायचंच असतं तर तुला मोकळा सोडला असता."