मगदूमअण्णांची कमरेएवढी भिंत

आमच्या शेजारचे मगदूमअण्णा चहाला आले की बसायच्या आधी खिशातून ओळंबा काढतात. दोरीला लटकलेलं ते वजन आमच्या दाराच्या चौकटीला लावून एक डोळा मिटतात आणि म्हणतात, ‘‘वहिनी, तुमची चौकट डाव्या अंगाला गेलीय की!’’ मग खुशाल बशीत चहा ओततात.

बँकेतून निवृत्त झाले आणि अण्णा अचानक गवंडीकाम शिकायला लागले. का, ते गल्लीत कुणालाच कळेना. मागच्या रस्त्यावर बांधकाम चालू होतं. तिथं अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन हजर. तिथल्या हणमंत मिस्त्रींना वाटलं, गिऱ्हाईक आलं.

‘‘पावणं, फ्लॅट अजून तयार न्हाईत.’’

‘‘फ्लॅट नको. थापी कशी धरायची तेवढं शिकवा.’’

मिस्त्रींनी त्यांना वाळू चाळायला बसवलं. अण्णा मजेत चाळत बसले.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘‘करिअर हाय ह्यात! गवंडी मिळतोय कुठं आता?’’ आमच्या पुण्यातल्या इंजिनिअर मुलालाही त्यांनी फोनवर ऐकवलं, ‘‘ते कॉम्प्युटर ऱ्हाऊ दे. आधी गवंडी हो, मग मिस्त्री, मग थेट कंत्राटदार!’’

‘‘आणि तुम्ही कधी होणार कंत्राटदार?’’ मी विचारलं.

‘‘मी? मी कशाला?’’ अण्णाच गोंधळले.

मग दोन घरांमधल्या अंगणात त्यांनी भिंत घालायला घेतली. कमरेएवढी. ना हद्दीवर, ना कशाला आडोसा. त्यांच्या मागच्या दारातून निघून ती सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं यायला लागली. आमचे हे म्हणाले, ‘‘जागेचं भांडण काढणार बघ हा माणूस.’’ अण्णा बांधायचे, पाडायचे, पुन्हा बांधायचे. वरची बाजू तर अशी घोटत बसायचे, की जणू तिच्यावर कुणाला निजवायचंय.

‘‘अण्णा, ही भिंत कशाला?’’

‘‘प्रॅक्टिस!’’

भिंत पुरी झाली. एका सकाळी अण्णांच्या पत्नी, आक्का, मागच्या दारातून बाहेर आल्या. गुडघे दुखतात म्हणून कित्येक महिने त्यांचं येणं बंद होतं. भिंतीवरून हात सरकवत त्या एकट्या, सावकाश चालत आल्या. भिंत संपली तिथं थांबल्या.

‘‘सुनंदा, हायस न्हवं घरात?’’

मी त्यांच्या पुढ्यातच उभी होते.

मी हात धरला तेव्हा त्या हलकेच म्हणाल्या, ‘‘दिसत न्हाय गं मला आता. कुणाला सांगू नका म्हटलं हुतं मी ह्यास्नी. बाहेरचा गवंडी लावला असता, तर त्यानं इचारलं असतं, भिंत कशाला म्हणून.’’

आक्कांनी मान जरा मागं वळवली.

‘‘ह्ये माझ्या मागनं आल्यात न्हवं? सिमिटाचा वास येतोय.’’

भिंतीपलीकडं अण्णा ओणवे होऊन उभे होते.

‘‘मी भिंतीला पाणी मारतोय,’’ ते म्हणाले.

हातातल्या पाइपातून एक थेंबही पडत नव्हता.