डब्यातला भुंगेरा

संग्रहालयाच्या बाई प्रदर्शनासाठी भुंगेरा पाहायला अकरा वाजता आल्या. घड्याळजींनी ऐटीत ओट्यावरचा स्टीलचा डबा आणून त्यांच्यासमोर उघडला. आत दोन उकडलेली अंडी होती.

बाईंनी वाकून पाहिलं. "भुंगेऱ्याच्या मानानं अंडी मोठी आहेत."

घड्याळजींनी ओटा धुंडाळला, पण तसाच दुसरा डबा तिथं नव्हता. उष्ण जंगलांतले लांबशिंगी भुंगेरे वाळवून, टाचणीवर बसवून जपायचा त्यांचा तीस वर्षांचा नाद. त्यातला सर्वांत मोठा, तळहाताएवढा, पार्सलमधून पाय मुडपून आला होता. पाय सरळ करता यावेत म्हणून तो मऊ करायला दोन दिवस ओल्या कागदावर बंद डब्यात ठेवला होता. आणि आज तो डबा बायको जेवणाचा म्हणून ऑफिसला घेऊन गेली होती.

"तिनं फेकला तर?" ते जिन्यातच पुटपुटले. तिला या किड्यांचा तिटकारा होता. ते भुंगेऱ्यांबद्दल बोलायला लागले की ती मिक्सर लावायची.

रिक्षात बाई त्यांना धीर देत होत्या. वीजबिलाच्या ऑफिसात पोचले, तर खिडक्यांवर ग्राहक ताटकळलेले आणि कर्मचारी सगळे बायकोच्या टेबलाभोवती.

"हात लावायचा नाही," बायको शिपायाला दटावत होती. "मिशी तुटली तर परत उगवत नाही. आणि या मिशांना शिंगं म्हणतात तरी ती शिंगं नव्हेत. यांनी तो वास घेतो."

"चावतो का हो, ताई?" रोखपालानं विचारलं.

"मेलेला आहे. जिवंतपणी लाकूड पोखरायचा, तेही अळी असताना. काही वर्षं खोडात, मग बाहेर थोडेच दिवस. आमच्याकडे असे दोनशे बारा आहेत."

आमच्याकडे. घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. मिक्सरच्या आवाजातही तिनं सगळं ऐकलं होतं. आकड्यासकट.

बाईंनी पुढे होऊन भुंगेरा पाहिला. एकही पाय तुटला नव्हता. मग त्या बायकोकडे वळल्या. "आमच्या प्रदर्शनात लोकांना अशीच माहिती द्याल?"

"मी?" बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "यांना विचारा. सगळं यांचंच आहे."

"सांगायला तूच हवीस," घड्याळजी म्हणाले. "माझं ऐकताना लोक जांभया देतात."

प्रदर्शनात तिच्यासमोर रांग लागली. घड्याळजी मागून पेट्या आणून देत होते. एका गृहस्थांनी त्यांना हळूच विचारलं, "तुम्ही संग्रहालयातले मदतनीस का?"

"छे," घड्याळजी ताठ उभे राहत म्हणाले, "मी त्यांचा नवरा."